गिटलॅब माहितीलोप (२०१७)

गिटलॅब माहितीलोप ही ३१ जानेवारी, २०१७ रोजी गिटलॅब.कॉम या संकेतस्थळाबाबत घडलेली घटना होय. सोर्स कोड साठविण्याची आणि त्यावर एकत्रितपणे काम करण्याची सोय हे संकेतस्थळ पुरविते. चुकीच्या सर्व्हरवर दिलेल्या एका आज्ञेमुळे त्याच्या मुख्य डेटाबेसमधील जवळजवळ सर्व माहिती पुसली गेली. वेब अनुप्रयोगांच्या बॅकअपची नियमित चाचणी का आवश्यक असते, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

घटनाक्रम

गिटलॅबचा डेटाबेस मुख्य आणि दुय्यम अशा दोन सर्व्हरांवर होता. मुख्य सर्व्हरवरील बदल दुय्यम सर्व्हरवर सतत उतरविले जात. त्या दिवशी भार वाढल्याने ही प्रक्रिया खंडित झाली. ती पूर्ववत करण्यासाठी दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसचे फोल्डर रिकामे करणे गरजेचे होते. ते पुसण्याची आज्ञा मात्र अनवधानाने मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक लक्षात येऊन एक-दोन सेकंदांतच आज्ञा थांबविण्यात आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट माहिती उरली होती.

बॅकअपमधील त्रुटी

डेटाबेसचा बॅकअप रोज घेतला जात असल्याचा समज होता. प्रत्यक्षात बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचे असल्याने ते दरवेळी अयशस्वी ठरत होते. त्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात असल्याने ही बाब कोणाच्या लक्षात आली नाही. अखेर, घटनेच्या सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी योगायोगाने घेतलेली प्रत उपयोगी पडली.

परिणाम व उपाययोजना

१ फेब्रुवारी रोजी सेवा पूर्ववत झाली. मधल्या सहा तासांतील माहिती मात्र कायमची गेली. त्याचा फटका सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नव्या खात्यांना बसला. सोर्स कोडचा साठा स्वतंत्र असल्याने तो सुरक्षित राहिला.

गिटलॅबने दुरुस्तीचे काम यूट्यूबवरून थेट दाखविले आणि त्याच महिन्यात घटनेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. कोणत्या सर्व्हरवर काम चालू आहे हे पडद्यावर ठळकपणे दिसावे आणि बॅकअपमधून माहिती परत मिळते की नाही याची स्वयंचलित चाचणी व्हावी, असे उपाय त्यात नमूद आहेत.