चौदा एप्रिलची कुळकथा

१४ एप्रिलला सकाळपासून कोल्हापूरची पावलं बिंदू चौकाकडे वळतात. बाबासाहेब आंबेडकर हयात असतानाच, ९ डिसेंबर १९५० ला, या चौकात त्यांचा आणि महात्मा फुले यांचा पुतळा बसला. त्यामुळे जयंतीचा इथला थाट वेगळाच. त्याच सकाळी शहरातल्या अग्निशमन केंद्रांवर एक दुसरा कार्यक्रम होतो आणि त्याची खबर केंद्राच्या फाटकाबाहेर क्वचितच जाते. जवान गणवेशात रांगेत उभे राहतात, छातीवर एक छोटा ध्वज टाचला जातो, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात. लगेच बंबाची तपासणी होते, कारण जयंतीच्या मिरवणुकीला बंब सज्ज ठेवायचा असतो.

देशभरातल्या प्रत्येक अग्निशमन केंद्रावर त्या दिवशी हेच चालतं. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. शाळांत प्रात्यक्षिकं होतात, दवाखान्यांत मॉक ड्रिल होतं, कारखान्यांत अग्निशामक सिलिंडर कसा चालवायचा ते शिकवतात. यासाठी हाच दिवस का निवडला, याचं उत्तर मुंबई बंदरात आहे. माझ्या मते ते प्रत्येक कारखानदाराला, गोदामवाल्याला, सोसायटीच्या चेअरमनला ठाऊक असायला हवं, कारण त्या दिवशी जे जवान गेले ते आगीइतकेच न मिळालेल्या माहितीचेही बळी होते.

फोर्ट स्टिकिन हे साधारण सात हजार टनांचं मालवाहू जहाज कॅनडात १९४२ साली बांधलं गेलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडहून निघालं तेव्हा पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि हिंदुस्थानातल्या चलनव्यवस्थेसाठी पाठवलेल्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीला थोडा माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरल्या गेल्या. जोडीला वंगणाची पिंपं, लाकूड, गंधक. शांततेच्या काळात असा माल एका जहाजात कुणी एकत्र भरला नसता. युद्धात जहाजं कमी आणि घाई फार.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा, असा बंदराचा रिवाज होता. फोर्ट स्टिकिनवर बावटा नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला ते इतर चार जहाजांसारखंच एक जहाज.

१४ तारीख, शुक्रवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना धूर दिसला, पण कुणी तो मनावर घेतला नाही. जेवणाची सुट्टी संपवून हमाल दोन नंबरच्या खणात उतरले तेव्हा कुठे आग असल्याची ओरड झाली. या खणात तळाला कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. आगीचा बंब आला, मागून आणखी बंब आले, पाण्याचे होज खणात सोडले गेले. धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठे आहे तेच दिसेना. नऊशे टनांहून जास्त पाणी आत गेलं. पाणी चढलं तसा पेटता कापूसही तरंगत वर चढला, आणि वर दारूगोळा होता.

जहाजाच्या बाजूचा रंग एका ठिकाणी फुगून सुटायला लागला, म्हणजे आग त्या पत्र्याच्या मागे होती. तिथे भोक पाडायचा प्रयत्न झाला, तो जमला नाही. जहाज खोल पाण्यात ओढून न्यावं की जागीच बुडवावं, याचा निर्णय कुणी घ्यायचा ते ठरेना. चारच्या आधी थोडा वेळ जहाज सोडायचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. जलपद्म या जहाजाचा मागचा भाग उडून गोदामाच्या छपरावर जाऊन पडला. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारला परत केली. मृतांचा आकडा सातशेच्या वर गेला. काही अंदाजांत तो तेराशेपर्यंत जातो. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. होज हातात धरून ते आगीच्या सर्वांत जवळ उभे होते.

युद्धाची सेन्सॉरशिप असल्यामुळे ही बातमी जगाला आधी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सांगितली. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना ती छापायची मुभा मे महिन्यात मिळाली. आधी जवानांपासून माल लपला, मग लोकांपासून मरण लपलं.

कापूस कसा जळतो, हे कोल्हापूर जिल्ह्यात फार लांब जाऊन शिकायला लागत नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला आणि आज तिथला अग्निशमन जवान सूतगिरणीचं नाव वर्दीत ऐकलं की समजून जातो की रात्र जाणार. दाबून बांधलेली गाठ १७० किलोची असते. तिच्या अंगावरून ज्वाळा सरकन पळते आणि विझल्यासारखी वाटते. खरी आग तोवर धाग्यांमधल्या हवेवर जगत आत शिरलेली असते. वरून मारलेलं पाणी दाबलेल्या रुईत उतरत नाही, ओघळून जातं. म्हणून पाण्यात त्याची पकड वाढवणारं द्रव्य मिसळतात. गाठी एकेक करून उघड्यावर ओढायच्या, पट्ट्या तोडायच्या, रुई हाताने पसरायची आणि भिजवायची. हात थांबला की दोन तासांनी तीच गाठ पुन्हा धुमसायला लागते. कारखान्यातल्या बगॅसच्या ढिगाला आणि गुऱ्हाळावरच्या चिपाडांच्या गंजीलाही हीच खोड आहे. उसाच्या हंगामात कोल्हापूरच्या बंबांचे कितीतरी तास या कुलिंगच्या कामात जातात. बंद खणातल्या हजारो गाठी आणि वर स्फोटकं, ही जोडी दिसली असती तर कुठल्याही अनुभवी जवानाने आधी प्रश्न विचारले असते.

फोर्ट स्टिकिनचं कुळ मोठं आहे. त्याच्या आधी, ६ डिसेंबर १९१७ ला, कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात मों-ब्लां हे फ्रेंच जहाज पेटलं. आत काय आहे ते खलाशांना ठाऊक होतं, ते जीव घेऊन पळाले. अग्निशमन दल आपल्या नव्या मोटारबंबासह धक्क्यावर पोहोचलं आणि नऊ जण गेले. १६ एप्रिल १९४७ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत ग्रँडकँप जहाजावरचं खत पेटलं. अमोनियम नायट्रेटला लोक तेव्हा खतच समजत होते. गावचं जवळपास अख्खं अग्निशमन दल त्या धक्क्यावर संपलं. आणि ४ ऑगस्ट २०२० ला बैरुतच्या बंदरात गोदाम क्रमांक १२ पेटल्याची वर्दी आली. ती विझवायला गेलेल्या अग्निशमन पथकातल्या दहाही जणांना आत हजारो टन अमोनियम नायट्रेट आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दहापैकी एकही परत आला नाही. शंभर वर्षांच्या अंतरावरच्या या घटनांत माल वेगळा, देश वेगळा, चूक तीच. याला दैवाचा घाला म्हणून सोडून देणं मला पटत नाही. प्रत्येक वेळी माहिती कुणाच्या तरी कागदावर होती.

आपल्याकडे माहिती उघड करण्याचा कायदा यायला आणखी एक मोठं मरण लागलं. डिसेंबर १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने कामगारांना, आसपासच्या लोकांना आणि स्थानिक प्रशासनाला धोक्याची माहिती देणं सक्तीचं झालं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घातक माल नेणाऱ्या वाहनावर फलक लावायला सांगितलं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीच्या पुढेमागे असा टँकर दिसला तर मागच्या फलकावर चार आकडे असतात. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. अशा सांकेतिक फलकाची पद्धत लंडनच्या अग्निशमन दलाने सत्तरच्या दशकात बसवली. जवान दुर्बिणीतून आकडा वाचतो, पुढे जायचं की लांबूनच रस्ता बंद करायचा ते ठरवतो. बावटा नसलेल्या जहाजाला मिळालेलं हे उत्तर आहे, उशिरा मिळालेलं.

केंद्रावर या सगळ्याचं रूप अगदी साधं असतं. १०१ ला फोन येतो. समोरचा घाबरलेला असतो, "लवकर या, आग लागलीया" एवढंच त्याच्या तोंडून निघतं. फोन घेणारा शांतपणे विचारतो, "कुठं? काय पेटलंय? आत कोण हाय का? गॅसच्या टाक्या किती?" लोकांना हे प्रश्न वेळकाढूपणा वाटतात, काही जण चिडतात. पण हे चालू असताना गाडी सुटलेलीच असते. उत्तरं वायरलेसवर मागाहून कळवली जातात. गाडीत बसलेल्या लीडिंग फायरमनला ठरवायचं असतं की पाणी घ्यायचं की फोम, दारातून आत जायचं की आधी वीज तोडायची.

आत जायचं ठरलं तर पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र, चढतो. त्यातल्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारच्या दाबाने सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. कागदावर ती पाऊण तासाच्या वर पुरते. प्रत्यक्षात जिना चढणारा, होज ओढणारा माणूस ती त्याच्या कितीतरी आधी संपवतो. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते आणि शिट्टी वाजली की बाहेर यायचं, हातातलं काम कितीही महत्त्वाचं असलं तरी. आत शिरताना जवान आपल्या सेटचा बिल्ला दाराशी ठेवतो. बाहेरचा माणूस फलकावर नाव, वेळ आणि दाब लिहितो, कोण कधी बाहेर यायला हवा त्याचा हिशेब ठेवतो. ही शिस्त लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरात जानेवारी १९५८ मध्ये दोन अग्निशामक हरवून गेल्यानंतर पक्की झाली. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात असो की मुंबईच्या राज्य प्रबोधिनीत, धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात लावून चालायला शिकवतात तेव्हा बिल्ल्याचा हा धडा सोबत असतोच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा आत काय आहे हे अख्ख्या कोल्हापूरला माहीत होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं ते नाट्यगृह. लाकडी रंगमंच, पडदे, खुर्च्या, माथ्यावर जुनं छप्पर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आसपासच्या गावांतून बंब आले. छप्पर आणि रंगमंच गेला, दर्शनी भिंती उभ्या राहिल्या. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून रडणारी माणसं होती, आणि तो शोक माझाही आहे. तरी एक गोष्ट नमूद करायला हवी. वास्तू सगळ्यांच्या ओळखीची होती आणि आग विझवताना एकही जवान गमावावा लागला नाही.

गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतली परिस्थिती इतकी उघड नसते. कोल्हापूरची ओळख असलेल्या फौंड्र्यांत चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड भट्टीत असतं. त्यावर होजचं पाणी पडलं तर पाण्याची तत्क्षणी वाफ होते, ती सतराशे पटीने फुगते आणि वितळलेलं लोखंड चहूकडे उडतं. काही ओतकामांत मॅग्नेशियमची मिश्रधातू वापरतात. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते. तिथे कोरडी वाळू लागते. हे आत गेल्यावर कळून उपयोग नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत आपली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पुष्कळ ठिकाणी तो कागद फाइलला लागतो आणि विषय संपतो. सप्ताहात जवान प्रात्यक्षिकाला येतात तेव्हा कारखानदाराने त्यांना पाहुण्यासारखं हारतुरे देऊन वाटेला लावू नये. शेडमध्ये फिरवावं. मेन स्विच कुठे, थिनरची पिंपं कुठल्या खोलीत, गॅसचा कॉक कुठल्या भिंतीला, पाण्याची टाकी किती लिटरची, मागचं दार कुलूपबंद असतं की उघडं, रात्रपाळीला किती माणसं आणि त्यांतली किती आतच झोपतात, हे दाखवावं, आणि एक नकाशा काढून वॉचमनच्या केबिनमध्ये लावावा. बंब फाटकात शिरताना लीडिंग फायरमन सगळ्यात आधी वॉचमनलाच गाठतो.