काळ्या मातीवरचा बारमाही रस्ता

विदर्भातील दळणवळणाचा इतिहास सांगताना कापूस, रेल्वे आणि बाजारपेठा यांना मानाचे स्थान मिळते, आणि ज्या जमिनीवरून चाके जात होती त्या जमिनीचा उल्लेख जेमतेम एखाद्या वाक्यात उरकला जातो. वास्तविक नागपूरच्या नैर्ऋत्येस, वेणा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या हिंगणा परिसरात माणसाने केव्हा घराबाहेर पडावे आणि केव्हा पडू नये, हे कित्येक शतके मातीच ठरवीत आली. वर्षाचे बाराही महिने वाहतूक चालू राहील असा रस्ता, म्हणजेच बारमाही रस्ता, ही या भागात अलीकडची वस्तू आहे. तिची जडणघडण समजून घ्यायची तर आधी खडकाकडे पाहावे लागते.

दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पूर्वेकडे नागपूरपाशी येऊन संपतो आणि त्यापलीकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे निराळे खडक सुरू होतात. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा हिंगण्याचा मुलूख मात्र या बेसाल्टाच्याच हद्दीत पडतो. हा पाषाण युगानुयुगे झिजून त्याची काळी माती होते, अर्धवट झिजलेला, सब्बलीच्या घावाने सुटणारा जो थर राहतो त्याला मुरूम म्हणतात, आणि न झिजलेला कठीण दगड फोडून जे तुकडे मिळतात ती विदर्भाच्या बोलीतली गिट्टी, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली खडी. रस्ता गिळणारी माती आणि रस्ता तारणारा दगड हे अशा रीतीने एकाच कुळातले आहेत. महसुलाच्या जुन्या प्रतवारीत जमिनीला काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी उतरत्या क्रमाने नावे दिलेली असत. त्यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत हलकी जी बरडी, ती टेकाडावरची खडकाळ जमीन, गाडीवानाला मात्र सर्वांत सोयीची असे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात, मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट तळाशी जाते आणि दोन-चार सरी पडताच वरचा थर घट्टपणा सोडून चिकट होतो. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, अरुंद असल्याने असल्या मातीत सुरीसारखी उतरते, आऱ्यांमधल्या पोकळीत चिखल भरत जातो, आणि थोड्याच अंतरात चाक फिरायचे थांबून नुसते ओढले जाऊ लागते. गावाकडून शेतात जाणारी पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून, शेतांच्या बांधांमधून, गेलेली आणि पिढ्यान् पिढ्यांच्या चाकांनी खोल झालेली गाडीवाट, पावसाळ्यात आजूबाजूच्या शेतांचे पाणी स्वतःकडे घेते व वाट न राहता ओढा होते. या अडचणीवर जुन्या समाजाने शोधलेला उपाय रस्त्याचा नव्हता, पंचांगाचा होता: मीठ-मिरची, तेल आणि सरपण मृगाआधी घरात आणून ठेवावे, लग्नकार्ये उन्हाळ्यात उरकावीत, कापसाच्या गाड्या कोरड्या महिन्यांतच हाकाव्यात, आणि आषाढ-श्रावणात गावाने गावातच राहावे.

थंड देशांतही हिवाळ्यातील बर्फ हाच प्रवासाचा एकमेव शत्रू होता असे नाही. रशियात गोठलेल्या जमिनीवरून आणि नद्यांवरून घसरगाड्या सुखेनैव धावत. खरी कोंडी होई ती वसंतात बर्फ वितळताना आणि शरदातल्या पावसात, जेव्हा कच्चे रस्ते चिखलात बुडत, आणि त्या काळाला तिकडे ‘रास्पुतित्सा’ असे स्वतंत्र नावच आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळण्याच्या आठवड्यांत जड वाहनांवर आजही मर्यादा घालतात, कारण तेव्हा रस्त्याखालची माती पाण्याने मऊ झालेली असते. हवामान कोणतेही असो, वाहतूक मोडते ती पुष्कळदा पायाखालच्या ओल्या मातीमुळे.

हे सूत्र स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात रस्त्यांचे काम पाहणाऱ्या जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाकडे जाते. गाडीचा भार शेवटी मूळची जमीनच पेलते आणि ती कोरडी राहिली तर कोणताही भार पेलू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणून त्याने तळाशी मोठे दगड रचण्याऐवजी जमिनीपेक्षा उंच भराव, दोन्ही बाजूंना उतार व नाल्या, आणि वर सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड नसलेल्या दगडांचा घट्ट बसणारा थर अशी रचना सांगितली. या पद्धतीत दगड हे छप्पर असते आणि खरे काम नाल्यांचे व मोऱ्यांचे असते. रस्त्याखालून आडवे पाणी काढून देणारा लहान बांधीव मार्ग म्हणजे मोरी. निचऱ्याची ही बाब नजरेआड केल्यामुळे पुढे जे घडले, तेच या कथेचे मर्म आहे.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले तेव्हा नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैलांवरच्या गंगेकाठच्या मिर्झापूरला नेण्याची वहिवाट होती. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, मोठे मार्ग खडीचे झाले, परंतु स्थानकापासून आत गावाकडे जाणारी वाट पूर्वीसारखीच राहिली. ती बदलण्यास कारण झाला तो दुष्काळ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मध्यप्रांतात सरकारी मदतकार्याचा भर भराव टाकणे, तळी खोदणे आणि गिट्टी फोडणे यांवर होता. उपाशी माणसांना मोजून दिलेल्या कामावर मजुरी मिळे आणि रस्त्यांच्या कडेला दगडाचे ढीग उभे राहत. पावसाळ्यावर मात करण्यासाठी लागणारा रस्ता या प्रदेशाला पाऊस न पडलेल्या वर्षांनी दिला, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे. मात्र अशा कामात मजुरी देण्यासारखे तेवढेच होई, म्हणजे माती आणि दगड. मोऱ्या-पुलांना लागणारा चुना, गवंडी आणि रोकड मागे पडे.

पैशाचा प्रश्न धसास लावला तो बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने. १९१९ च्या कायद्याने रस्ते प्रांतांकडे गेले होते आणि मोटारी वाढत असताना प्रांतांची तिजोरी रिकामी होती. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. त्यानंतर १९४३ च्या डिसेंबरात, महायुद्ध चालू असतानाच, देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि तिने वीस वर्षांचा आराखडा तयार केला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख व इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आज सर्वत्र रूढ असलेली वर्गवारी तिथलीच, आणि विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये हे उद्दिष्टही तिथलेच. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ‘नागपूर आराखडा’ आजही पाठ करावा लागतो. खुद्द नागपूरकरांना तो फारसा आठवत नाही. आराखड्यातील लांबीचे उद्दिष्ट मुदतीआधी गाठले गेले, परंतु त्या लांबीत कच्च्या रस्त्यांचा वाटा मोठा होता, आणि काळ्या मातीवरचा कच्चा रस्ता नकाशावर असला तरी जुलैत नसतो.

१९७२ च्या दुष्काळाने जुनीच गोष्ट पुन्हा घडवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि महाराष्ट्रभर गिट्टी फोडण्याची व माती टाकण्याची कामे निघाली. पुढे देशव्यापी योजनेत मजुरीवर किमान ६० टक्के व साहित्यावर फार तर ४० टक्के खर्च हे प्रमाण ठरले; मजुराच्या हिताचे असलेले हे प्रमाण रस्त्याच्या प्रकृतीला मात्र मानवत नाही, कारण काळ्या मातीत मुरूम, गिट्टी आणि सिमेंटच्या नळ्यांच्या मोऱ्या यांवरच खर्च अधिक लागतो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने बारमाही रस्त्याची व्याख्याच पाण्याच्या निचऱ्यावर बांधली आणि डांबर असलेच पाहिजे असे म्हटले नाही, हा मॅकॅडमच्या मूळ विचाराचा उशिरा झालेला स्वीकार होय. त्याच व्याख्येत मर्यादित काळ वाहतूक बंद राहण्याची मुभाही आहे. म्हणून पुराचे पाणी वरून वाहू देणारा ठेंगणा पूल, म्हणजे रपटा, बारमाही रस्त्यात बसतो, आणि रपट्यावर पाणी असेल तोवर पाळीला निघालेला कामगार काठावर उभा राहतो.

हिंगणा आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जातो आणि नागपूरशी त्याची ये-जा रोजची आहे. २८ जानेवारी २०२० रोजी सीताबर्डी ते लोकमान्यनगर ही मेट्रो याच दिशेने खांबांवरून सुरू झाली आणि पुढे हिंगण्यापर्यंतच्या मार्गाला २०२२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. परंतु खाली जमिनीवर पाण्याचा हिशेब चुकता होतोच: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. शहरात सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाल्याची तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. रस्ता कोरडा राखला, पण रस्त्याने नाकारलेले पाणी कुठे जावे याची सोय केली नाही, तर ते शेजाऱ्याच्या उंबऱ्यातून आत शिरते. नाल्यांशिवाय मॅकॅडम राबवण्याचा तो परिणाम आहे.

पांदण मात्र या साऱ्या प्रवासात सर्वांत मागे राहिली. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती रोजगार हमीच्या निधीला राज्याच्या निधीची जोड देऊन साहित्याचा वाढीव खर्च भागवता यावा म्हणून. हिंगण्याच्या वसाहतीत ट्रॅक्टर तयार होतात. पण ज्या पांदणीवर मुरूम पडलेला नाही, तिच्यात भर पावसाळ्यात ट्रॅक्टर घालायला शेतकरी धजत नाही, आणि खताचे पोते डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने शेत गाठतो.