घंटा वाजवली होती

परवा माझ्या नातीला मोटार चालवण्याचा कायम परवाना मिळाला. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "आजोबा, या दिवाळीत गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही!" मी निमूटपणे पेढा तोंडात टाकला. पण न बोललेला शब्द पोटात राहत नाही. म्हणून तो इथे लिहितो.

इतिहास वाचताना मला एक नवशिका चालक भेटला. त्याचे नाव आर्थर एड्सॉल. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात हा गृहस्थ हौशी लोकांना मोटारीतून फिरवून आणीत होता. मोटार हाकू लागून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. परवाना नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच. त्याच वाटेने ब्रिजेट ड्रिस्कॉल ही चव्वेचाळीस वर्षांची बाई आपली मुलगी आणि मैत्रीण यांच्यासह चालली होती. घोड्यावाचून धावणारे ते धूड पाहून ती गोंधळली आणि जागच्या जागी उभी राहिली. गाडी अंगावर आली आणि बाई प्राणाला मुकली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीखाली सापडून मेलेली ती पहिली पादचारी.

चौकशीत एड्सॉलने सांगितले की मी घंटा वाजवली होती, ओरडलोही होतो. वेगाविषयी साक्षीदारांचे एकमत झाले नाही. अपघाती मृत्यू, असा निर्णय झाला. असे पुन्हा कधी न घडो, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली.

पुढे काय घडले? तीनच महिन्यांनी अमलात आलेल्या तिथल्या पार्लमेंटाच्या कायद्याने वेगमर्यादा उलट वाढवली. १९०३ च्या कायद्याने परवाना आला, पण पाच शिलिंग भरले की तो मिळे. चालवता येते का, हे कोणी विचारीत नसे. १९३० साली मोटारींची वेगमर्यादाच उठवली. १९३४ साली तिथल्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्यांतली सुमारे निम्मी पायी चालणारी. तेव्हा कुठे १९३५ मध्ये वस्तीतून ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. शिकाऊ चालकाची तांबड्या 'एल'ची पाटीही त्याच वर्षीची. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा होता, त्याच्या जागी १९८८ चा आला. नातीने दिलेली परीक्षा अशी माणसांच्या प्राणांची किंमत मोजून आलेली आहे.

एड्सॉलला मी नावे ठेवीत नाही. १९७२ च्या दिवाळीत माझ्या परवान्याला महिनाही झाला नव्हता. पहाटे एका बोळातून गाडी नेत होतो. पुढे एक चिमुरडी भुईनळ्यावर वाकलेली. मी भोंगा वाजवला. ती बाजूला होईल, असा माझा हिशेब! ती दचकली आणि तिथेच खिळून उभी राहिली. मी सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिची आई धावत आली, एक अक्षर न बोलता तिला उचलून आत गेली. माझ्या ओठांवर वाक्य आले होते, "भोंगा वाजवला होता!" ते मी गिळले.

तेव्हा पोरी, एवढेच ध्यानात ठेव. भोंग्याने समोरचा माणूस हलेलच असे नाही. गाडी थांबते ती ब्रेकनेच. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंत सेकंद सहज उलटतो. म्हणून बोळात शिरण्यापूर्वीच वेग कमी कर. उभ्या बसच्या पुढून कोणीतरी येणार, चेंडूमागे पोर येणार, असे धरून चाल. रात्री दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेव.

काल आम्ही फराळाचे डबे पोचवायला निघालो. कोपऱ्यावर पोरे फटाके लावीत होती. नातीने भोंग्याला हात लावला नाही. गाडी थांबवली आणि त्यांचे आटपेपर्यंत थांबली. ठरल्याप्रमाणे मी एक शब्दही बोललो नाही.