मुख्याध्यापक वामन शिवराम आपटे : एका शाळेच्या यशामागचा विस्मृत कारभारी

१/ न्यू इंग्लिश स्कूल म्हटले की चिपळूणकर, टिळक आणि आगरकर ही नावे चटकन आठवतात. पण शाळा केवळ ध्येयवादावर चालत नाही. वर्ग रोज भरवावे लागतात, विद्यार्थी परीक्षेला तयार करावे लागतात. हे काम ज्याने पेलले, त्या तरुण सुपरिंटेंडंटची, वामन शिवराम आपट्यांची, ही कथा.

२/ आपट्यांचा जन्म १८५८ मध्ये सावंतवाडी संस्थानातला. वडील लहानपणीच गेले. कोल्हापुरात आल्यावर आई आणि भाऊही गेले. अनाथ, निर्धन असा हा मुलगा शिकला, कारण तिथल्या राजाराम हायस्कूलचे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी त्याची बुद्धी ओळखून त्याला आधार दिला.

३/ १८७३ मध्ये याच मुलाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुढे डेक्कन कॉलेजातून तो एम. ए. झाला. एका मुख्याध्यापकाची पारखी नजर विद्यार्थ्याचे आयुष्य कसे बदलते, हे आपट्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

४/ जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. त्यापूर्वी विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांची रत्नागिरीस बदली झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीच सोडली. सरकारी शाळेत शिक्षक कोठे राहणार, हे खाते ठरवीत असे. नव्या शाळेत शिकवणारेच चालक होते. वेतन अल्प होते, पण निर्णय त्यांच्या हाती होता.

५/ १८८० मध्येच आपटे या मंडळीत आले आणि शाळेचे सुपरिंटेंडंट झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. टिळक गणित शिकवीत, आपटे संस्कृत. म्हणजे कारभार पाहणारा माणूस वर्गातही उभा राहत असे. विद्यार्थी कोठे अडखळतात, हे त्याला अहवालातून नव्हे, फळ्यापाशी कळत असे.

६/ त्याचा एक ठोस पुरावा आजही उपलब्ध आहे. १८८१ मध्ये आपट्यांनी ‘द स्टुडंट्स गाइड टू संस्कृत कॉम्पोझिशन’ हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी लिहिले. संस्कृत वाक्यरचना पायरीपायरीने शिकवणारे हे पुस्तक अद्याप वापरात आहे. पुढे त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोशही गाजला.

७/ खरी कसोटी १८८२ साली लागली. मार्चमध्ये चिपळूणकरांचे निधन झाले. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. संस्थापकांपैकी एक दिवंगत, दोन प्रमुख शिक्षक बंदिवासात. तरीही शाळा बंद पडली नाही. व्यवस्था व्यक्तीहून मोठी झाली होती.

८/ त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगासमोर आपट्यांनी साक्ष दिली, आणि आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळेची मनापासून प्रशंसा केली. ज्या शंकरशेट शिष्यवृत्तीने आपट्यांना वर आणले, ती आता त्यांच्या शाळेचे विद्यार्थी मिळवू लागले होते.

९/ मात्र सारे श्रेय मुख्याध्यापकाला देणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. या शाळेत येणारी मुले बहुतांशी पुण्याच्या साक्षर, उच्चवर्णीय घरांतली होती. शिक्षकही असामान्य बुद्धीचे होते. ज्यांच्या घरी अक्षरच नव्हते, त्यांचा प्रश्न जोतीराव फुल्यांनी त्याच हंटर आयोगापुढे मांडला होता. निकालाच्या आकड्यांत तो प्रश्न दिसत नाही.

१०/ कारभार बिघडला की काय होते, तेही याच मंडळीने दाखवले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. आपटे त्याचे पहिले प्राचार्य. पण आजीव सदस्यांत वेतन व बाहेरील मिळकत यांवरून मतभेद वाढले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. त्यागाची शपथ सर्वांचीच होती. तिचा अर्थ मात्र प्रत्येकाने वेगळा लावला.

११/ १८९२ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी आपटे गेले. त्यांच्यामागून प्राचार्यपद आगरकरांकडे आले. आपट्यांचा कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो, पण त्यांचा कारभार कोणी आठवत नाही. उत्तम मुख्याध्यापकाच्या वाट्याला बहुधा हेच येते : निकाल विद्यार्थ्यांच्या नावावर लागतो, आणि तसाच तो लागावा, यासाठीच त्याची धडपड असते.