रविवारची सुटी आणि रुग्णाची शुश्रूषा

रविवारची सुटी कामगारांना कोणी दान म्हणून दिलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांनी आपल्या मागण्यांच्या अर्जावर सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा भरली, आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. तेव्हा आठवड्याच्या सुटीपायी रुग्णालयांत माणसे मरतात असा आरोप झाला, तर तो सर्वांत आधी आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांनीच तपासून पाहिला पाहिजे. गिरणीचे साचे एक दिवस थांबले तर सूत कुजत नाही. आजार मात्र सुटी पाळत नाही.

आरोप निराधार नव्हता. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १९८८ ते १९९७ या काळात तातडीने दाखल झालेल्या सुमारे ३८ लाख रुग्णांच्या नोंदी दोन डॉक्टरांनी तपासल्या आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यूच्या शंभर प्रमुख कारणांपैकी तेवीस कारणांत शनिवारी-रविवारी दाखल झालेले रुग्ण अधिक प्रमाणात दगावले होते. पोटातील मुख्य रोहिणी फुटलेल्यांपैकी इतर दिवशी शेकडा ३६ दगावले, तर शनिवार-रविवारी ४२.

असे का व्हावे, याचा एक धागा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सापडला. तेथील हृदयविकाराच्या रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १९९९ ते २००२ या वर्षांत शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांपैकी तीस दिवसांत शेकडा १२.९ मरण पावले, इतर दिवशीचे १२. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून करावयाचे उपचार सुटीच्या दिवशी कमी होत होते. हा फरक हिशेबात धरला तेव्हा मृत्यूंतील तफावत जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे दोष वाराचा नव्हता. त्या दिवशी जे काम व्हायचे राहिले, त्याचा होता.

यानंतर हा प्रश्न इंग्लंडात राजकारणाच्या आखाड्यात उतरला. १९४८ साली सुरू झालेल्या तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचे मंत्री जेरेमी हंट यांनी २०१५ साली सातही दिवस सारखी सेवा देण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी एका अभ्यासात असे दिसले, की मंगळवार ते गुरुवार दाखल होणाऱ्यांच्या मानाने शुक्रवार ते सोमवार दाखल होणाऱ्यांत वर्षाला सुमारे अकरा हजार मृत्यू अधिक होतात. हे सगळे मृत्यू टाळता आले असते असे मानणे उतावीळपणाचे ठरेल, असा इशारा अभ्यासकांनी स्वतःच दिला होता. पण आकडा गाजला, इशारा मागे पडला. शनिवारचे बरेच तास साध्या दराच्या कामात मोडणारा नवा करार सरकारने कनिष्ठ डॉक्टरांपुढे ठेवला. ते २०१६ मध्ये संपावर गेले, आणि २६ व २७ एप्रिल रोजी त्यांनी तातडीच्या सेवेतूनही दिवसाचे काम काढून घेतले. त्या वेळी वरिष्ठ डॉक्टरांनी वॉर्ड सांभाळले.

वेतनाच्या वाटाघाटींत आम्ही एक धडा शिकलो आहोत : आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असू शकतो. पुढील अभ्यासांत दिसले, की शनिवार-रविवारी दाखल होणारे रुग्ण संख्येने थोडे, पण अधिक अत्यवस्थ असतात. इंग्लंडातील ११५ रुग्णालय-संस्थांत २०१४ सालचा एक रविवार व त्यानंतरचा बुधवार ताडून पाहिले, तेव्हा रुग्णांच्या मानाने तज्ज्ञ डॉक्टरांचे तास रविवारी निम्मेच भरले. तरीही या कमतरतेचा आणि मृत्यूंचा सरळ संबंध आढळला नाही.

मग सगळे आलबेल होते काय? मुळीच नाही. २०१४ साली पक्षाघाताच्या ५६ हजारांहून अधिक रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ डॉक्टर आठवड्याचे सातही दिवस फेरी घेतात की नाही, याने मृत्यूंत लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. पण शनिवार-रविवारी दहा खाटांमागे तीन परिचारिका असतील तेथे तीस दिवसांतील मृत्यूंचे अंदाजी प्रमाण शेकडा ११.२, आणि दीडच असेल तेथे १५.२ निघाले. म्हणजे दर पंचवीस रुग्णांमागे एक जीव. रुग्णाचा घास श्वासनलिकेत जातो आहे, त्याची शुद्ध हरपते आहे, हे प्रथम कोणाच्या ध्यानात यायचे? खाटेपाशी असणाऱ्या बाईच्याच. आणि एकटीला वीस खाटा पाहावयाच्या असल्या, तर तिने तरी कोठे कोठे पुरे पडावे?

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो, की सुटी माणसाची असते, रुग्णालयाची नव्हे. गिरण्यांत हजर नसलेल्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. रुग्णालयालाही रविवारची बदली हवी. पण ती तितकीच जाणती, पुऱ्या संख्येची आणि पुऱ्या दामाची हवी. तपासणीची यंत्रे व ती चालवणारे हातही त्या दिवशी जागेवर हवेत. त्याच थकलेल्या माणसाला सातव्या दिवशी उभे करणे ही सेवा नव्हे; पैसा वाचवून रुग्णाच्या जिवावर घेतलेले कर्ज आहे. रुग्णाचा हक्क आणि परिचारिकेची सुटी यांत वैर आहे, असे जो सांगतो, त्याने रविवारचा हजेरीपट आधी लोकांपुढे मांडावा.