हातमाग विणकर ‘विश्वकर्मा’त बसत नाही, मग त्यानं अर्ज करायचा कुठं?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या सीएससी केंद्रांवर कारागीर फॉर्म भरत आहेत. त्यात हातमागावर बसणारे विणकरही असतात. पण या योजनेतल्या १८ व्यवसायांच्या यादीत विणकर नाही. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, पाथरवट व मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, फुलांचे हार करणारे, टोपल्या-चटया-झाडू बनवणारे, खेळणी व बाहुल्या करणारे, मासेमारीची जाळी विणणारे, होडी बांधणारे, कुलूप बनवणारे, हातोडा व इतर अवजारे बनवणारे आणि शस्त्रकार, असे हे १८ आहेत. जाळं विणणारा चालतो, साडी विणणारा चालत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. हातमागासाठी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे आधीपासून वेगळ्या योजना आहेत.

घोटाळा पुढे होतो. यादीत विणकर सापडला नाही की ‘शिंपी टाका, चालून जाईल’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला ऐकू नये. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीत सरपंचांच्या लॉगिनवर होते, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. गावात कोण काय काम करतं हे पंचायतीला माहीत असतं. समजा अर्ज पुढे सरकलाच, तरी प्रशिक्षण शिवणकामाचं आणि अवजारंही शिवणकामाचीच. मागाला त्याचा उपयोग शून्य. शिवाय एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुलं. घरात खरोखर ब्लाउज शिवून चार पैसे कमावणारी बाई असेल, तर तिची संधी नवऱ्याच्या चुकीच्या अर्जात अडकते.

यादीत बसणाऱ्यांसाठी योजना चांगली आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. नंतर विनातारण कर्ज, आधी १ लाख, ते नीट फेडलं तर पुढे २ लाख. व्याज ५ टक्के, वरचा भार केंद्र उचलतं. हे १५ हजार रोख हातात येत नाहीत, अवजारांसाठीच असतात. वय १८ पूर्ण हवं, घरात सरकारी नोकरी नको. मागच्या पाच वर्षांत मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज घेतलं असेल तर ते पूर्ण फिटलेलं हवं. योजना जातीवर नाही, कामावर आहे. सीएससीवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन स्वतः जावं, कारण अंगठा स्वतःचाच लागतो.

विणकराची वाट वेगळी

विणकराचं पहिलं कागदपत्र म्हणजे विणकर ओळखपत्र. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख विणकर व पूरक कामगार मोजले गेले आणि त्या नोंदीवरून कार्डं निघाली. ज्यांचं नाव तेव्हा सुटलं त्यांनी विणकर सेवा केंद्रात चौकशी करावी. विदर्भातल्यांना हे केंद्र नागपूरला आहे. राज्याच्या वस्त्रोद्योग विभागाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, सोलापूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तालुक्याच्या गावाहून ही ठिकाणं लांब पडतात हे खरं, त्यामुळं चार-पाच विणकरांनी मिळून एकच फेरी मारलेली बरी.

कार्ड हातात आलं की पुढची दारं उघडतात. माग, फणी, जॅकार्ड असं साहित्य घ्यायचं तर हातकरघा संवर्धन साहाय्यातून ९० टक्के खर्च केंद्र देतं, विणकराचे १० टक्के. माग ठेवायला शेड बांधायची तर १ लाख २० हजारांपर्यंत मदत आहे. सुताच्या लडी आणि देशी रेशीम यांवर १५ टक्के किंमत सवलत आहे. भांडवलासाठी विणकर मुद्रा कर्ज आहे, त्यात व्याज ६ टक्के पडतं आणि कर्जाच्या २० टक्के, कमाल २५ हजार रुपये, मार्जिन मनी म्हणून मिळतात. बँकेत गेल्यावर नुसतं ‘मुद्रा’ म्हणू नये, ‘विणकर मुद्रा’ म्हणावं आणि कार्ड दाखवावं. नाहीतर साधं मुद्रा कर्ज मिळतं, ज्याला ना ही व्याजाची सवलत ना मार्जिन मनी.

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, खण आणि घोंगडी या पाच पारंपरिक वस्त्रांची नावं घेतलेली आहेत. प्रमाणित हातमाग विणकरांना गणेशोत्सवात वर्षाला उत्सव भत्त्याची तरतूद आहे, पुरुष विणकराला १० हजार आणि महिला विणकराला १५ हजार. विणकर कुटुंबाला महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत देण्याचंही धोरणात आहे. सगळं अडतं ते ‘प्रमाणित’ या शब्दावर. कार्ड नसेल तर यातलं काहीच नाही.

कांड्या भरणाऱ्या बाईचं नाव कुठंय?

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावसारख्या गावांत कोष्टी घरं टसरची करवत काठी साडी विणत आली. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी येते म्हणून हे नाव. काठाचा आणि अंगाचा धागा वेगळा, म्हणून तीन धोटे लागतात. असा माग एका माणसाचा नसतोच. एक जण विणतो, तर घरातली बाई रहाटावर कांड्या भरते, ताणा लावायला हात देते, पाळी आली की स्वतः मागावर बसते. पण नोंद घ्यायला कुणी आलं की नाव सांगितलं जातं घरच्या कर्त्याचं.

इथंच घराचं नुकसान होतं. गणनेत पूरक काम करणारेही मोजले जातात, म्हणजे कांड्या भरणारीही कार्डाला पात्र आहे. आणि जी बाई खरोखर विणते तिची नोंद ‘पूरक’ म्हणून नव्हे, विणकर म्हणून व्हायला हवी, कारण भत्ता प्रमाणित विणकराला आहे आणि बाईला जास्त आहे. विश्वकर्मासारखी ‘एका घरात एक’ ही अट विणकर कार्डाला नाही. उद्या नवरा गेला किंवा काम सोडलं, तर तिच्या हाती स्वतःचा कागद राहतो. कार्डावर विमा जोडायचा असेल तर वारसाचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावं.

बुरूड, चर्मकार, खेळणीवाले

यांना दोन्हीकडे जागा आहे. बांबूच्या टोपल्या-सुपं करणारे बुरूड विश्वकर्मात बसतात, तसंच केंद्राच्या हस्तकला आयुक्तांकडून मिळणारं ‘पहचान’ कार्डही काढू शकतात. मेळावे आणि प्रदर्शनांत स्टॉल मागायचा तर हे कार्ड विचारलं जातं. सवलतीचा बांबू हवा असेल तर वनविभागाकडची बुरूड नोंदणी आणखी वेगळी, ती या दोन्हींपैकी कशातूनही आपोआप होत नाही. शेताच्या बांधावरचा बांबू मात्र २०१७ च्या कायदाबदलानंतर ‘झाड’ राहिलेला नाही, तो तोडायला आणि न्यायला वनखात्याचा पास लागत नाही. अनुसूचित जातीतल्या गटई कामगारांना समाजकल्याण विभागाकडून पत्र्याचा स्टॉल मिळतो, त्याचा अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात.

विश्वकर्माचा अर्ज आधीच भरला असेल, तर तो कुठं थांबलाय ते नोंदणीच्या मोबाईल नंबरवरून पोर्टलवर दिसतं. ‘ग्रामपंचायत’ टप्प्यावर थांबलेला असेल तर जिल्ह्याला फेऱ्या मारून उपयोग नाही, आधी सरपंच किंवा प्रशासकांनी लॉगिन उघडून मंजुरी दिली का ते विचारावं. चुकून शिंपी म्हणून भरलेला विणकराचा अर्ज याच टप्प्यावर असेल, तर तो तिथंच नाकारून घ्यावा. प्रशिक्षणाचा फोन येईपर्यंत थांबू नये.