बिबट्याची वाट

ठाण्याकडून नाशिकला जाताना भिवंडी शहर डावीकडे टाकून गेलेला वळणरस्ता वडप्याला संपतो आणि तिथून जुना मुंबई–आग्रा रस्ता पडघ्याकडे निघतो. वडप्याच्या फाट्यावर उभे राहिले तर आज दिसतात ती गोदामे, कंटेनरच्या रांगा आणि रुंदीकरणाचे काम. पण त्यांच्याकडे थोडा वेळ पाठ फिरवून नकाशा उघडावा. वायव्येला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. ईशान्येला माहुली आणि तिच्यामागे तानशाचे जंगल आहे. नैर्ऋत्येला, खाडीपलीकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ही तीन जंगले तीन टोके मानून त्रिकोण काढला, तर भिवंडी तालुक्याचा मोठा भाग त्याच्या पोटात येतो.

शिक्षकांच्या एका शिबिरानिमित्त आम्ही या भागात गेलो होतो, तेव्हा एका गुरुजींनी विचारले, "हे बिबटे मुंबईच्या पार्कातून सुटून इकडे येतात ना?" प्रश्न साधा होता, पण त्यात एक समजूत दडलेली होती. बिबट्या जंगलाच्या मालकीचा, आणि जंगलाबाहेर दिसला म्हणजे सुटलेला किंवा घुसलेला. वर्तमानपत्रेही हेच शब्द वापरतात. त्या दिवशी आम्ही जे घाईघाईने सांगितले, ते इथे जरा सविस्तर मांडत आहोत.

या जिल्ह्यात बिबट्या नवा नाही. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वाघ आणि बिबट्या या दोघांचीही नोंद आहे. त्याहून जुनी नोंद माणसांच्या मनात आहे. वारली आणि इतर आदिवासी समाज वाघोबाला देव मानतात. लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, सोबत बहुधा चंद्र-सूर्य, अशी ही ठाणी गावाच्या शिवेवर किंवा रानाच्या कडेला आढळतात. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत अशी दीडशेच्या वर ठाणी संशोधकांनी नोंदवली असून तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस अनेक गावे आजही पाळतात. गावातली जुनी माणसे बिबट्याला सरळ 'वाघ' म्हणतात आणि पट्टेरी वाघाला 'ढाण्या'. विद्यार्थ्याने "आजोबांनी वाघ पाहिला होता" असे सांगितले, तर कोणता वाघ, हे आधी विचारून घ्यावे!

पट्टेरी वाघ ठाणे जिल्ह्यातून गेला. बिबट्या मात्र राहिला. त्याचे कारण त्याच्या शरीरात आणि खाण्यात आहे. वाघाला सांबरासारखे मोठे भक्ष्य आणि मोठा निवांत मुलूख लागतो. बिबट्याचे ससा, माकड, रानडुकराचे पिलू, शेळी, कोंबडी, कुत्रा, अगदी घूस यांवरही भागते. झाडावर चढणे त्याला जमते आणि दिवसभर एखाद्या झुडपात निपचित पडून राहणेही. आपण त्याला पाहत नाही, म्हणजे तो नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

इंग्रजी अमलात सरकारने मोठ्या हिंस्र प्राण्यांना 'उपद्रवी' ठरवले आणि त्यांच्या मुंडक्यांना बक्षिसे लावली. शेती वाढावी, जंगल मागे हटावे आणि महसूल यावा, असा तो हिशेब होता. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी कागदपत्रांवरून काढलेल्या आकड्यांनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. हे फक्त बक्षीस घेतलेले प्राणी. हौसेच्या शिकारीत मेलेले आणि जखमी होऊन रानात जाऊन मेलेले यांत नाहीत.

त्याच काळात याच जिल्ह्यात एक उलटी गोष्ट घडत होती. मुंबईची वस्ती वाढली आणि शहराला पाणी कमी पडू लागले. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा असे तलाव बांधून झाले. तलावाच्या पाणलोटात वस्ती नको, शेती नको, झाडोरा मात्र हवा, कारण उघड्या डोंगरावरची माती पावसाबरोबर तलावात येते. विहार आणि तुळशी आज राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत आणि तानसा अभयारण्याच्या. शहराच्या तहानेपायी राखलेल्या रानात बिबट्यालाही आसरा मिळाला. बिबट्यासाठी म्हणून हे कोणी केले नव्हते. तानशाचे पाणी आजही मोठ्या नळांतून भिवंडी तालुका ओलांडून मुंबईला जाते. शाळेची सहल तिथे गेली, तर ते नळ मुलांना अवश्य दाखवावेत. भूगोल, इतिहास आणि जीवशास्त्र तिथे एकाच ठिकाणी भेटतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, निदान कायद्याच्या पुस्तकात. आज बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरीही चोरटा व्यापार चालूच राहिला. जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशातील खागा येथे एका छाप्यात बिबट्याची ७० कातडी आणि १८,००० हून अधिक नखे सापडली. एका बिबट्याला अठरा नखे असतात. म्हणजे नुसत्या नखांवरूनच मेलेल्या बिबट्यांची संख्या हजारावर जाते. (हा भागाकार वर्गात करून घेण्याजोगा आहे.) वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने २०१२ मध्ये अंदाज मांडला, की २००१ ते २०१० या दशकात भारतात दर आठवड्याला किमान चार बिबटे या व्यापाराला बळी पडत होते.

आता महाराष्ट्राच्या इतिहासातील त्या प्रकरणाकडे वळू, ज्यातून आमच्या मते सर्वात जास्त शिकण्यासारखे आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या पट्ट्यात धरणे आणि कालवे झाले, आणि कोरडवाहू शेतांच्या जागी ऊस उभा राहिला. उसाचा फड म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने दाट, थंड, पाण्याजवळचे आणि कित्येक महिने न हलणारे जंगल. शेजारी वस्ती, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. मादीने तिथेच पिले घातली. ऊसतोडणीत ती पिले सापडू लागली. ही बिबट्याची पिढी उसातच जन्मलेली होती. तिला 'जंगलातून आलेली' म्हणणे चुकीचे होते.

माणसांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा वनखात्याने जे केले, ते त्या वेळी कोणालाही शहाणपणाचे वाटले असते. पिंजरे लावून बिबटे पकडावेत आणि दूरच्या जंगलात सोडावेत. २००१ च्या आरंभापासून जुन्नर भागातले २९ बिबटे असे सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावर नेऊन सोडले गेले. बिबट्या मारला गेला नाही, गावकऱ्यांचा रोष शमला, सर्वांचे समाधान झाले.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सर्व नोंदी एकत्र करून मोजदाद केली. १९९३ ते २००१ या काळात या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे हलवण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. हल्ल्यात माणूस मरण्याचे प्रमाणही दुपटीने वाढून ३६ टक्के झाले. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे? बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. पाणी कुठे, आडोसा कुठे, माणसे कोणत्या वेळी बाहेर असतात, हे तो जन्मापासून शिकलेला असतो. त्याला उचलून अनोळखी डोंगरात सोडले, की हे सारे ज्ञान निरुपयोगी होते. पिंजऱ्यात त्याला जखमा झालेल्या असतात, नव्या जागी आधीचे बिबटे असतात, आणि तो घराच्या दिशेने निघतो. वाटेत गावे लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा एखादा तरुण बिबट्या काही काळातच घेतो, तोही या परिसराला नवखाच. म्हणजे एका जाणत्याच्या जागी दोन बिथरलेले! मुंबईच्या उद्यानातही बाहेरून पकडलेले बिबटे सोडले जात होते. तिथे २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांनी कळस गाठला. एकट्या जून २००४ मध्ये सुमारे दहा माणसांचा बळी गेला. बाहेरचे बिबटे आणून सोडणे थांबल्यावर हल्ले उतरणीला लागले. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी पकडून दूर सोडण्याला सरसकट उपाय म्हणून नकार दिला.

आणि याच सगळ्यात वडप्याच्या बाजूची ती वाट उजेडात आली. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा आणि शेपटीच्या कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चकती घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याच्या शांतपणामुळे अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. त्याच नावाचा मराठी चित्रपट २०१४ मध्ये आला, त्यामुळे गोष्ट अनेकांना माहीत असेल. पट्ट्याने पाठवलेल्या नोंदी मात्र चित्रपटापेक्षा बोलक्या आहेत. सुमारे पंचवीस दिवसांत तो अंदाजे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडला, पश्चिमेकडे सरकत वसईच्या बाजूला पोहोचला, खाडी पोहून पार केली आणि राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात शिरला. नकाशावर कसारा आणि वसई यांच्यामध्ये बोट फिरवले, की ते शहापूर, वाडा आणि भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागावरून, म्हणजे तानसा आणि तुंगारेश्वर यांच्या मधून जाते. सुरुवातीला सांगितलेला त्रिकोण तो हाच. या सगळ्या प्रवासात त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही.

म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे, की बिबटे 'सुटून' येत नाहीत. ते ये-जा करतात. ही जंगले वेगवेगळी नावे मिळालेली एकाच वावराची टोके आहेत. शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटरच्या उद्यानात नर पिल्ले मोठी झाली, की त्यांना बाहेर पडावेच लागते. उद्यान आणि त्याच्या परिसरात कॅमेऱ्यांनी टिपलेले बिबटे २०१५ मध्ये ३५ होते, २०१८ मध्ये ४७. ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असल्याने ही मोजणी बोटांच्या ठशांसारखी विश्वसनीय असते.

देशाचा अंदाजही घटलेला नाही. २०१८ मध्ये १२,८५२, २०२२ मध्ये १३,८७४. महाराष्ट्रात १,६९० वरून १,९८५. मग चिंता कसली, असे कोणी विचारील. एक तर ही मोजणी मुख्यतः जंगलातली आहे. उसातले बिबटे तीत जवळजवळ येत नाहीत. अकोल्याच्या शेतीभागात दर शंभर चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे आढळले होते, आणि तिथे माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला ३५७ होती. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा. दुसरे म्हणजे संख्या टिकली तरी वाट टिकते असे नाही. 'आजोबा' गेला, तेव्हाचा भिवंडी तालुका आणि आजचा यांत फरक आहे. गवताच्या पडीक जमिनींवर गोदामे आली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये वडप्याजवळच्या आमणे येथपर्यंत पूर्ण खुला झाला. त्यावर काही ठिकाणी प्राण्यांसाठी खास पूल आणि भुयारी मार्ग ठेवले आहेत, ही चांगली गोष्ट. पण प्राण्याने वापरावा असा पूल बांधला, तर त्याच्या दोन्ही टोकांना पुढची पन्नास वर्षे झाडोरा राहील, याची हमी कोण घेणार? रस्ता एका खात्याचा, जंगल दुसऱ्याचे आणि मधली जमीन ज्याच्या-त्याच्या सातबाऱ्यावर.

सहजीवनाच्या गोड चित्रावरही आमचा सरसकट विश्वास नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात महिनाभरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघे मरण पावले. त्यांत दोन मुले होती. शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. ज्यांच्या घरातले मूल गेले, त्यांना ३९ टक्के कुत्र्यांचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. त्यांना रात्री पाणी धरायला जाताना शेतात उजेड हवा, त्यासाठी दिवसा वीज हवी, घराच्या दाराशी शौचालय हवे, गोठा बंदिस्त हवा आणि नुकसानभरपाई वेळेवर हवी. या गोष्टी पिंजऱ्याइतक्या लवकर दिसत नाहीत, म्हणून मागितल्याही जात नाहीत. शाळेच्या पातळीवर एक मात्र सहज होण्यासारखे आहे. आपल्या गावाचा मोठा नकाशा काढून त्यावर ओढे, झाडीचे पट्टे, उघड्या विहिरी, कचरा टाकण्याच्या जागा आणि बिबट्या दिसल्याच्या खऱ्या नोंदी मुलांकडून तारखांसह भरून घ्याव्यात. दोन-तीन वर्षांत त्या नकाशावर एक रेघ उमटू लागते, आणि ती बहुधा ओढ्याच्या कडेने जाते.

'आजोबा'चा पट्टा काही आठवड्यांनी मूक झाला आणि तो कुठे आहे, हे कळेनासे झाले. १ डिसेंबर २०११ रोजी वसईजवळ मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेलेला एक बिबट्या सापडला. शेपटीतली चकती तपासल्यावर तो कोण, हे समजले. मधल्या अडीच वर्षांत तो पुन्हा कोणत्याही पिंजऱ्यात सापडला नव्हता.